ध्वजाचे कापड आणि सरकारची खरेदी

काही वर्षांपूर्वी १५ ऑगस्टच्या सकाळी आम्ही जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका शाळेत पाहुणे म्हणून गेलो होतो. त्या डोंगरपठारावरील पाऊस ज्याने पाहिला आहे त्यास त्या सकाळचे वर्णन सांगावयास नको. धुके इतके दाट होते की वर्गाच्या ओटीवरून ध्वजस्तंभाचे टोक दिसत नव्हते. मुले भिजत रांगेत उभी होती. मुख्याध्यापकांनी दोरी ओढली, फुलांच्या पाकळ्या चिखलात पडल्या, राष्ट्रगीत झाले. परंतु ध्वज काही फडकला नाही. ओले कापड काठीस चिकटून राहिले, आणि थोड्याच वेळात केशरी पट्ट्याचा रंग उतरून पांढऱ्या पट्ट्यावर ओघळू लागला. मुख्याध्यापक ओशाळले. "सर, बाजारात हाच मिळाला. खादीचा आणायचा तर नाशिकला नाहीतर मुंबईला माणूस धाडावा लागतो," असे ते म्हणाले. ध्वज उतरविल्यावर आम्ही त्याची काठीकडील पट्टी उलटून पाहिली. तीवर कोणाची मुद्रा नव्हती, गावाचे नाव नव्हते, काहीच नव्हते. हा ध्वज कोणी विणला व कोठे विणला हे सांगावयास कोणतेही साधन उरले नव्हते.

सरकारी पैशाने विकत घेतलेल्या राष्ट्रध्वजाचे कापड कोठले असावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि त्यावर देशोदेशी कायदे झाले आहेत, आणि आपल्या देशातील त्याचा इतिहास तर इतरांहून अधिक अर्थपूर्ण आहे. तो इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आमचा विचार आहे.

प्रथम ज्या डोंगरावर हा प्रश्न आम्हांस पडला त्याविषयी दोन शब्द. जव्हार व मोखाडा हे आज पालघर जिल्ह्याचे तालुके आहेत, व तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा निघाला. परंतु १९४८ पर्यंत ही दोन शेजारची गावे दोन निरनिराळ्या सत्तांखाली होती. मोखाडा इंग्रजी अंमलाच्या ठाणे जिल्ह्यात मोडत होते. जव्हार हे मुकणे या महादेव कोळी घराण्याचे संस्थान होते. जयबा मुकणे याने ते स्थापिले व १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने त्याच्या पुत्रास नेमशहा हा किताब देऊन ते मान्य केले, असे घराण्याचा इतिहास सांगतो. सहाशे वर्षे चाललेली ही गादी यशवंतराव मुकणे यांच्या कारकिर्दीत मुंबई प्रांतात विलीन झाली. एका घाटमाथ्यावर दोन सरकारे म्हणजे दोन कचेऱ्या आणि दोन निशाणे, हा अनुभव तेथील वारली, कोकणा, ठाकर व कोळी लोकांच्या पिढ्यान् पिढ्यांस होता. निशाण म्हणजे ज्यास सारा द्यावयाचा त्याची खूण, एवढाच त्याचा अर्थ त्यांस ठाऊक असल्यास नवल नाही.

हा अर्थ बदलला तो खाली किनाऱ्याच्या बाजूस. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर गेलेल्या जमावावर गोळीबार होऊन पाच जण कामास आले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडे येथे वारल्यांच्या सभेवर गोळ्या झाडण्यात आल्या. तेथील निशाण तिरंगी नसून शेतमजुरांचे लाल होते, व तेथेही पाच बळी पडले. ज्या निशाणासाठी मनुष्य प्राण देतो त्याचे कापड कोठले, असे त्या क्षणी कोणी विचारीत नाही. तो प्रश्न पुढे राज्य हाती आल्यावर, हिशेबाची वही उघडल्यावर उत्पन्न होतो. आणि तो तेव्हाच विचारला गेला पाहिजे, असे आमचे मत आहे. कारण प्राण देणाऱ्याच्या हाती निवड नसते, खरेदी करणाऱ्याच्या हाती ती असते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न फार पूर्वी उत्पन्न झाला. इंग्लंडपासून स्वतंत्र होऊन जवळजवळ नव्वद वर्षे लोटली तरी त्या देशाच्या ध्वजांसाठी लागणारे विरळ लोकरी कापड इंग्लंडातूनच येत असे. त्या कापडास दर्यावर्दी लोक बंटिंग म्हणतात. ज्या राजाविरुद्ध बंड करून तो ध्वज उभारला गेला, त्याच राजाच्या देशातील गिरण्या त्याचे कापड विणीत होत्या, आणि यात कोणास फारसे वावगे वाटत नव्हते. १८६५ साली, यादवी युद्ध संपत आले असता, तेथील विधिमंडळाने युद्ध, आरमार व कोश या खात्यांस स्वदेशी बंटिंग खरेदी करण्याची मुभा देणारा कायदा केला. त्यातील शर्त मात्र लक्षात घेण्याजोगी आहे: त्याच प्रतीचा परदेशी माल ज्या किंमतीस मिळेल त्याहून अधिक किंमत देऊ नये! अभिमान असावा, पण तो महाग पडता कामा नये, हा व्यापारी जातीचा स्वभाव त्या कलमात पुरता उमटला आहे. १८६६ साली मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या गिरणगावच्या कंपनीने विणलेल्या कापडाचा ध्वज राजधानीतील विधिमंडळाच्या इमारतीवर चढला. कंपनीचा पुरस्कर्ता जनरल बटलर हा होता. त्याची देशभक्ती व त्याचा धंदा या दोहोंची गाठ येथे कशी पडली होती याची चिकित्सा आम्ही करीत नाही. अशा गाठी सर्वत्र पडतात.

त्यानंतरचा अमेरिकेतील इतिहास दीर्घ आहे, पण तो लवकर सांगून होतो. १९३३ च्या स्वदेशी खरेदीच्या कायद्याखाली सरकारी मालात निम्म्याहून अधिक भाग देशात झालेला असावा असे पुढे ठरले. ध्वजही त्याच मापाने मोजले गेले. पुढे चीनमधून स्वस्त ध्वजांचा लोंढा सुरू झाला, आणि २००१ साली न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथील हल्ल्यांनंतर घरोघर ध्वज लावण्याची लाट आली तेव्हा त्या लाटेतील पुष्कळसे कापड परदेशी निघाले. मिनेसोटा राज्याने २००७ साली आपल्या हद्दीत परदेशी बनावटीचा अमेरिकन ध्वज विकण्यासच बंदी करणारा कायदा केला. अखेर ३० जुलै २०२४ रोजी संघसरकारचा कायदा झाला: सरकार जो ध्वज विकत घेईल तो सर्वांशाने, सूतापासून शिवणीपर्यंत, अमेरिकेत झालेला असावा, योग्य प्रतीचा माल बाजारभावाने मिळतच नसेल तर अपवाद. या कायद्याने नागरिकाचे हात बांधले नाहीत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. नागरिकाने आपल्या दारावर कोठलाही ध्वज लावावा. सरकारने मात्र देशाच्या पैशाने देशातलाच घ्यावा. या भेदाकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

आता आपल्याकडे पाहू. सरकारने कोणाचा माल घ्यावा हा वाद आपल्या स्वदेशीच्या चळवळीइतकाच जुना आहे. पुण्यातील सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांस महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणून ओळखतो, त्यांनी १८७२ साली स्वतः कातलेल्या सुताचे कापड वापरण्याचे व्रत घेतले, व १८७७ च्या दिल्ली दरबारास ते त्याच पोशाखाने गेले. गांधींचा चरखा त्या वेळी अद्याप चाळीस वर्षे दूर होता. इंग्रजी सरकारचा कल मात्र आपले सामान विलायतेतून मागविण्याकडेच राहिला. येथल्या येथे खरेदी व्हावी म्हणून स्वतंत्र खाते निघाले ते १९२२ साली, आणि तेही पुष्कळ तक्रारींनंतर.

तिरंगी निशाण व खादी यांचे लग्न १९२१ साली लागले असे म्हणण्यास हरकत नाही. त्या वर्षी बेझवाडा येथे पिंगली वेंकय्या यांनी गांधींस ध्वजाचा नमुना दाखविला, आणि गांधींच्या आग्रहाने त्यावर चरखा आला. १९२३ साली नागपुरास झालेला झेंडा सत्याग्रह मराठी वाचकांस सांगावयास नको. १ मे पासून ऑगस्टपर्यंत तुकडीमागून तुकडी निशाण घेऊन निघत होती आणि तुरुंगात जात होती; जमनालाल बजाज पकडले गेल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा व मध्ये चरखा असा ध्वज पक्का केला. यात ध्यानात घेण्याजोगे हे की, ज्या साधनाने कापड होते त्याचेच चित्र त्या कापडावर होते. चित्र एका गोष्टीचे आणि कापड दुसऱ्याच रीतीचे, अशी विसंगती तेथे संभवत नव्हती.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चरख्याऐवजी अशोकचक्र स्वीकारले, तरी हे चक्र चरख्याचे द्योतक आहे असे ठरावातच म्हटले. जवाहरलाल नेहरू यांनी त्या दिवशी सभागृहापुढे दोन ध्वज ठेविले: एक रेशमी व एक सुती खादीचा. ठरावात मात्र रंग, प्रमाण व चक्र यांचाच निर्देश आहे. कापडाचा बंदोबस्त पुढे झाला तो मानकांच्या मार्गाने. स्वतंत्र भारताच्या मानकसंस्थेने काढलेले पहिलेच मानक, ज्याचा क्रमांकच १ आहे, ते १९५१ सालचे राष्ट्रध्वजाचे मानक होय. पोलाद नव्हे, सिमेंट नव्हे; ध्वज. त्यात मापे ठरली, रंगांच्या छटा ठरल्या, सुताची घनता ठरली, कापडाचे वजन ठरले, ऊन व पाणी यांत रंग किती टिकावा हेही ठरले. आजही लहानात लहान ध्वज १५० मिलिमीटर लांब व १०० रुंद आणि मोठ्यात मोठा ६३०० लांब व ४२०० रुंद, अशी नऊ मापे आहेत. मोखाड्याच्या पावसात ओघळलेला तो केशरी रंग या मानकाच्या कसोटीस क्षणभरही उतरला नसता.

परंतु या साऱ्या नियमांत "ध्वज भारतातच झालेला असावा" असे वाक्य शोधू गेल्यास ते सापडत नाही. आम्हीही प्रथम चकित झालो. अमेरिकेने जे शब्द कायद्यात घालण्यास दीडशेहून अधिक वर्षे घेतली, ते आपण घातलेच नाहीत की काय? ते घातले आहेत. पण दुसऱ्याच कायद्यात, व्याख्येच्या पोटात. ध्वज खादीचा असावा असे ध्वजाचे नियम सांगत होते. आणि खादी म्हणजे काय ते १९५६ चा खादी व ग्रामोद्योग आयोगाचा कायदा सांगतो. त्याच्या व्याख्येप्रमाणे खादी म्हणजे भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी अथवा लोकरी धाग्याचे, भारतात हातमागावर विणलेले कापड. हे दोन कायदे एकापुढे एक ठेवले म्हणजे स्वदेशी ध्वजाचा पुरता कायदा तयार होतो. अमेरिकेच्या कायद्याने विचारले, कोठे झाला? आपल्या कायद्याने विचारले, कोणाच्या हाताने झाला? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पहिल्याचे उत्तर आपोआप येत होते. हे चातुर्य बुद्धिपुरस्सर योजिलेले होते की सहजगत्या साधले, याचा निर्णय वाचकांनी करावा. आमच्या मते ते सहजगत्याच साधले, आणि म्हणूनच ते पुढे सहजगत्या सुटले.

त्या नियमाच्या आश्रयाने कोण जगले ते पाहिले पाहिजे. धारवाड जिल्ह्यातील गरग या गावी १९५४ पासून ध्वजाचे कापड विणले जात आले आहे. हुबळीजवळील बेंगेरी येथील खादी संघास २००६ साली मानकसंस्थेचा परवाना मिळाला, व दीर्घ काळ देशातील प्रमाणित ध्वज तेथेच शिवले गेले. आपल्या मराठवाड्यात नांदेडच्या खादी समितीने हे काम चालविले असून तिच्या ध्वजांस देशभर मागणी आहे. कातणे, विणणे, रंगविणे, चक्र छापणे, कापणे, शिवणे, दोरी व खुंटी बसविणे अशा एकामागून एक पायऱ्यांनी हा ध्वज तयार होतो, आणि यांतील बहुतेक कामे स्त्रिया करतात. चक्र दोन्ही बाजूंनी नेमके एकावर एक आले नाही तर ध्वज बाद होतो. वर्षातून दोनदा मागणी येते. मधले महिने सरकारी कचेऱ्यांच्या खरेदीवरच निघतात.

२६ जानेवारी २००२ रोजी नवी ध्वजसंहिता अंमलात आली. तोपर्यंत सामान्य नागरिकास ठराविक दिवसांखेरीज ध्वज लावता येत नव्हता. नवीन जिंदाल यांच्या खटल्यात २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वज सन्मानपूर्वक लावणे हा नागरिकाचा हक्क मानला, आणि ते योग्यच झाले. संहितेत कापडाची अट मात्र कायम होती: हाताने कातलेली, हाताने विणलेली लोकर, सूत वा रेशीम यांची खादी. २०१९ साली, या अटींत न बसणाऱ्या ध्वजाच्या आयातीस सरकारने मनाई केली. येथपर्यंत कुंपण शाबूत होते. ३० डिसेंबर २०२१ रोजी संहितेतील ते वाक्य बदलण्यात आले. "हाताने कातलेले व हाताने विणलेले" यापुढे "अथवा यंत्राने तयार केलेले" हे शब्द आले, आणि सूत, लोकर, रेशीम यांच्या पंक्तीस पॉलिएस्टर येऊन बसले. गंमत अशी की वाक्याच्या अखेरीचा खादी हा शब्द तसाच राहिला. यंत्राने केलेली पॉलिएस्टरची खादी! १९५६ च्या व्याख्येपुढे हा शब्दप्रयोग ठेविला असता आमच्या वर्गातील विद्यार्थीदेखील हसतील.

या दुरुस्तीची बाजू आम्ही नाकारीत नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, घरोघर तिरंगा लावण्याचे आवाहन झाले. टपाल कचेऱ्यांतून २५ रुपयांस ध्वज विकला गेला. कोट्यवधी घरांस पुरेल इतकी खादी देशातील सगळे चरखे अहोरात्र फिरले तरी त्या मुदतीत निघाली नसती; आणि वरईनाचणीवर दिवस काढणाऱ्या मोखाड्याच्या कुटुंबास, तुला ध्वज लावावयाचा तर खादीचाच घे, असे सांगणे हा अन्यायच झाला असता. शिवाय यंत्राचा ध्वज म्हणजे परदेशी ध्वज असेही नव्हे. त्या वर्षीचे पुष्कळसे ध्वज सुरतेच्या कारखान्यांत झाले. १६६४ साली सुरतेवर चालून जाताना शिवाजी महाराजांचा तळ जव्हारनजीक शिरपामाळावर पडला होता असे तेथील लोक अभिमानाने दाखवितात. आता त्याच सुरतेहून कापड उलट वाटेने या डोंगरावर येते. यंत्रमागाचे भिवंडी तर तेथून आणखीच जवळ.

मग आमची तक्रार कशाविषयी? ती एवढीच की, मुभा नागरिकास द्यावयाची होती, ती देताना सरकारही त्याच मुभेत शिरले. अमेरिकेच्या कायद्यात जो भेद आहे तो आम्ही मघाशी सांगितला. नागरिकास मोकळे सोडावे आणि सरकारने स्वतःस बांधून घ्यावे, हा तो भेद. आपण पूर्वी दोघांसही एकाच दोरीने बांधले होते; २०२१ साली ती दोरी सोडली ती दोघांचीही सोडली. अधिकृत प्रसंगी मानकसंस्थेची मुद्रा असलेलाच ध्वज वापरावा असे संहिता सांगते हे खरे. परंतु मुद्रा ही मुख्यतः प्रतीची हमी असते, आणि ती मुद्रा डोंगरावरच्या शाळेपर्यंत पोहोचत नाही हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यातच महानगरपालिकांसारख्या संस्थांनी त्या वर्षी सार्वजनिक पैशाने ध्वज घेऊन घरोघर वाटले. ही खरेदी नागरिकाची नव्हे, सरकारची होय. बेंगेरीच्या खादी संघाने त्या वेळी दुरुस्तीचा निषेध केला. तो निषेध पॉलिएस्टरचा म्हणून ऐकला गेला. वास्तविक तो गेलेल्या गिऱ्हाइकाविषयी होता, आणि ते गिऱ्हाईक सरकार होते. शिवाय पूर्वीचे आयातीचे कुंपण संहितेच्या ज्या शब्दांवर उभे होते तेच शब्द सैल झाल्यावर, उद्या परदेशी यंत्राचा ध्वज आला तर त्यास कोणत्या शब्दांनी अडवावयाचे?

जव्हार व मोखाडा येथील लोकांचा या प्रश्नाशी संबंध केवळ गिऱ्हाईक म्हणून नाही. भाताची कापणी उरकली की तेथील कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जाण्यासाठी डोंगर उतरतात. भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंस त्यांची पाले पडतात. शेतकऱ्यास वर्षातील जे महिने काम नसते त्या महिन्यांसाठीच चरखा आहे, हा गांधींचा मूळ युक्तिवाद होता. तो युक्तिवाद या दोन तालुक्यांस जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसरीकडे पडेल, आणि तरी तेथे आम्हांस चरखा दिसला नाही. त्या अतिवृष्टीच्या मुलखात कापूस पिकत नाही हे कारण पुरेसे नव्हे. पेळू बाहेरून आणता येतो, आणि शिवण्यास तर कापूस पिकण्याची गरजच नाही. त्या दोन तालुक्यांतील कचेऱ्या, आश्रमशाळा, ग्रामपंचायती, दवाखाने यांस लागणारे ध्वज खादीच्या कापडातून तेथल्याच स्त्रियांनी शिवावे व सरकारने ते घ्यावे, असे कोणी म्हटले तर त्यास मोठ्या कायद्याची आवश्यकता नाही. परवाना, कसोटी व शिकवणी एवढी मात्र लागेल, आणि ती थोडकी नव्हे. बेंगेरीस परवाना मिळेपर्यंत संस्था स्थापून जवळजवळ अर्धशतक लोटले होते.

त्या दिवशी दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा मुख्याध्यापकांनी ध्वज वर्गात दोरीवर वाळत घातला होता. पांढऱ्या पट्ट्यावरील डाग जाण्याजोगा नव्हता. नवा घ्यावा लागेल म्हणून त्यांनी जडवस्तूंची नोंदवही काढली. आम्ही ती सहज चाळली. वस्तूचे नाव, नग, खरेदीची तारीख, दुकान, किंमत, निर्लेखनाचा शेरा असे रकाने आखलेले होते. ध्वज, नग १, अशी नोंद खुर्च्या आणि घंटा यांच्या मध्ये होती. माल कोठला, यासाठी रकाना नव्हता. मुख्याध्यापकांनी शेऱ्याच्या रकान्यात "रंग गेला" असे लिहिले, खाली सही केली, आणि जव्हारला जाणारी एस.टी. किती वाजता आहे ते शिपायास विचारले.